आठव्या दिवशीची लस

डायना ऑर्गनबद्दल आमच्या गावात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. मी सांगायला बसले तर तिच्याबरोबर माझंही उघडं पडतं, म्हणून इतकी वर्षं मी विषय टाळला. आता ती गेली, माझे दात गेले, पण लाज काही जात नाही मेली. तेव्हा सांगून टाकते.

आम्ही दोघी एकाच गोठ्यावर. ती दूध काढायची, मी चीज करायची. डायना उंच, हाडकुळी आणि बोलायला तिखट. एखादी गाय लाथा झाडायला लागली की बाकीच्या पोरी पळायच्या. ही तिच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटायची आणि गाय गप्प. काय सांगतेस गं तिला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, तुझा नवरा कसा आहे ते सांगते, मग तिला वाटतं आपलं बरं चाललंय. माझ्या ईनकला हे कळलं तेव्हा तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

लहानपणी दूध काढताना तिला गाईच्या देवी झाल्या होत्या, बोटांवर दोन वण होते. गाईच्या येऊन गेल्या की माणसांच्या देवी होत नाहीत, म्हणून ती त्यांना भीत नसे. कुणाच्या घरात देवी शिरल्या की सख्खे भाऊ दाराबाहेर उभे राहत आणि डायना आत जाई. भरवायची, पुसायची, माणूस गेलं तर धुऊन गुंडाळायची. स्वतः मात्र कुणाकडे काही मागणार नाही. घरातलं मीठ संपलं तर अळणी खाईल, पण शेजारी वाटी पाठवायची नाही. असला ताठा.

अठराशे दोनच्या वसंतात टेकडीपलीकडच्या गिरणीवस्तीत देवींची साथ आली. त्या वर्षी आमच्या एकाही गाईच्या सडाला फोड नव्हता, नाहीतर तिथूनच लस घेता आली असती. आमचे डॉक्टर पेगलर बर्कलीहून, ही लस जिथं निघाली त्या गावाहून, लशीत भिजवून वाळवलेला दोरा घेऊन आले. दोरा बोटभर, एका मुलापुरता. तो त्या मुलाच्या दंडात घालायचा, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातली लस दुसऱ्या मुलाला टोचायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. फार तर नववा दिवस चालतो. पुढे लस गढूळ होते, खपली धरते, मग तिचा काही उपयोग नाही. डायनाने डॉक्टरांच्या कितीतरी रोग्यांची उस्तवार केली होती, म्हणून तो दोरा त्यांनी तिच्या मुलीसाठी, लेटिससाठी राखून ठेवला. लेटिस पाच वर्षांची, माझ्या फीबीच्याच वयाची.

ईनक चीज पोचवायला आठवड्यातून दोनदा गिरणीवस्तीत जायचा. मला घास गिळवेना. डायनाच्या ते ध्यानात आलं आणि ती स्वतःच डॉक्टरांना सांगून आली, की आधी फीबीला टोचा, तिच्या हातावरून माझ्या लेटिसला.

मला म्हणाली, "तुझ्या घरी त्या वस्तीतली ये-जा आहे. माझी आठ दिवस थांबेल. फक्त आठव्या दिवशी पोरीला घेऊन ये म्हणजे झालं."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. आणीन म्हणाले.

चौथ्या दिवशी फीबीचा दंड लाल झाला, सहाव्या दिवशी फोडात पाणी भरलं. मी येता-जाता बाही वर करून बघायची. आणि माझ्या डोक्यात शिरलं चीज. पिकायला ठेवलेल्या चीजला कधी टोचत नाहीत. टोचलं की त्या भोकातून हवा शिरते आणि सगळा गोळा आतून कुजतो. हाताखालच्या पोरींच्या बोटांवर चापट्या मारून मीच हे शिकवत आले होते. मग हा फोड पिकायच्या आत फोडला तर माझ्या पोरीत काय उरेल? तिची राखण लेटिसकडे जाईल आणि ही रिकामी राहील, हे माझ्या मनानं घट्ट धरलं. डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत समजावलं असतं. मग मला जावं लागलं असतं. म्हणूनच नाही विचारलं.

सातव्या दिवशी दुपारी फीबीला घेतलं आणि सात मैलांवर माझ्या बहिणीकडे, थर्झाकडे निघून गेले. ईनकला सांगितलं, थर्झा आजारी आहे. पाच दिवसांनी परतले तेव्हा फोडावर काळी खपली होती. डायना आमच्या दारातच उभी. मी सांगितलं की वाटेत फीबी पडली आणि फोड फुटला, मग येऊन काय करायचं होतं? तिनं खपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पोरीला फार लागलं नाही ना?" एवढंच विचारलं तिनं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दोऱ्यासाठी निरोप धाडला. दोरा यायला अठरा दिवस लागले, तोवर साथ टेकडी ओलांडून आमच्या गावात शिरली. लेटिसला ताप भरून तेव्हा तीन दिवस झाले होते. ताप भरल्यावर लशीचा उपयोग नसतो, म्हणून तो दोरा दुसऱ्या मुलाच्या दंडात गेला, त्याच्यावरून पुढे आणखी सात मुलांना टोचलं. सगळ्यांच्या फोडांतून लस काढली, आणि भर साथीत त्यातल्या एकाच्याही अंगावर पुरळ उठलं नाही. माझं चीज तिथंच खोटं पडलं.

लेटिसच्या अंगावर तिळाएवढी जागा उरली नव्हती. मला लहानपणी देवी येऊन गेल्यात, तोंडभर वण आहेत, मला कसलीच भीती नव्हती. मी आत जाऊन डायनाला तासभर डोळा लावू देऊ शकले असते. मी दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवायची आणि लगबगीनं परत फिरायची. अकराव्या दिवशी लेटिस गेली. डायनाचा नवरा जेबेझ कुंपणं छाटायचं काम करायचा. त्यानंच पोरीला उचलून दफनभूमीत नेलं. मी चीज उलटायचं आहे म्हणून घरी राहिले.

डायनानं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही. गाईंशी पुटपुटणं तेवढं थांबलं. फीबीच्या लग्नात तिनं पांघरूण शिवून दिलं, तेव्हा मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. असं करत तीस वर्षं गेली. तीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून भाकर-चीज खाल्लं.

गेल्या हिवाळ्यात तिची छाती भरली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते, जेबेझ लाकडं आणायला गेला होता. माझ्यानं राहवलं नाही. वाटी खाली ठेवली आणि बोलले. फोड फुटला नव्हता डायना, मी फीबीला लपवलं होतं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "ईनककडून कळलं, तशी नवव्या दिवशी मी थर्झाच्या घरी आले होते. डॉक्टरांनी पिसाची पोकळ नळी दिली होती, लस भरून आणायला. कुंपणापलीकडे उभी होते. फीबी झाडाखाली खेळत होती, बाही वर केलेली. फोड चांगला भरलेला दिसत होता."

मग हाक का नाही मारलीस, असं मी कसंबसं विचारलं.

"तू थर्झाला सांगत होतीस. म्हणालीस, तिची पोर तिनं सांभाळावी, माझ्या पोरीच्या दंडावर कशाला जगायला हवं तिनं? दोघी हसलात."

म्हणाले होते मी तसं. त्या दिवसापासून इतकी वर्षं मी ते स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं.

"म्हटलं, हिच्या तोंडाकडे बघून मागायचं? मेलं तरी नाही," डायना सांगत राहिली. "साथ तेव्हा लांब होती. नवा दोरा येईलच की. आणि फिरले मागं. एक हाक मारायची होती गं, केझिया. माझी पोर माझ्या ताठ्यानं गेली. जेबेझला मी अजून सांगितलेलं नाही."

मी तिचे दोन्ही हात धरले. तिला म्हटलं, नाही गं बाई, तुझा काही दोष नाही, सगळं माझं पाप आहे, माझ्यावर टाक. पुन्हा पुन्हा म्हटलं. तिनं ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकावं तसं, आणि मान हलवून नाही म्हणाली. मी तीस वर्षांपूर्वी बोलले असते तर तिनं मानलंही असतं. आता तिला पटेना. गुरुवारी ती गेली, जाईपर्यंत स्वतःलाच दोष देत.