अर्धा वरवंटा

ठाकूरद्वारला माहेरी नंबर हा शब्द दोनच कामांना यायचा: माझा वर्गातला नंबर सांगायला आणि वडिलांच्या चष्म्याचा. लग्न होऊन लालबागला आले आणि कळलं, की इथे या एका शब्दावर अख्खी चाळ चालते. नळाला नंबर, संडासाला नंबर, रेशनला नंबर. नवरा गिरणीच्या कागदावर नावाने कमी आणि नंबराने जास्त. चोरटा माल दोन नंबरचा, सासूबाईंची आमटी एक नंबर. माझी कधीच नाही. मला हसू यायचं. पहिल्या नंबराची मुलगी ना मी, नाक कायम वर.

संप सुरू झाला, चार महिने गेले, आणि हसू आटलं. रॉकेलसाठी पहाटेच नंबर लावावा लागे. दुकानासमोर माणसं थोडीच उभी राहणार, वस्तू राहायच्या: वीट, फुटका तांब्या, एका पायाची चप्पल. खानावळवाल्या मावशींचा तुटका अर्धा वरवंटा पुढे आणि त्याच्यामागे माझा पत्र्याचा डबा, हे ठरलेलं. दगडाला तोंड नसतं, म्हणून त्याच्या मागच्याने बोलायचं, हा नियम. माणूस वेळेवर आला नाही, तर हा अमक्याचा म्हणून सांगायचं आणि त्याचं माप राखून ठेवायला लावायचं. दुकानदारही ते मानायचा; कुठला दगड कुणाचा हे त्याच्या लक्षात राहत नसे.

मावशी आमच्याच मजल्यावरच्या. घरदार कोकणात ठेवून गिरणीत आलेले कामगार त्यांच्याकडे जेवायचे. संपात बहुतेक गावी गेले, पाचजण राहिले, ते मावशींच्या शब्दावर. स्टो पेटतोय तोवर तुम्ही हलू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. स्टो विझला की पाचहीजण वळकटी बांधणार आणि खानावळ बंद, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

त्या दिवशी माझे आईवडील आणि भाऊ जेवायला यायचे होते. आमचं बरं चाललंय, असं मी त्यांना दर भेटीत ठणकावून सांगत आले होते. घरात रॉकेलचा थेंब नव्हता. त्यातच मावशींचा एक जेवणारा तापाने फणफणला. त्याला इस्पितळात नेताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"माझो नंबर बघ गो," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

दुकानदाराने मधेच सांगून टाकलं, की पिंप तळाला गेलंय. मागच्या बायका आपापल्या विटा, डबे उचलून बडबडत निघून गेल्या. मी राहिले. तो वरवंट्यापाशी आला.

"एकच माप उरलंय. हा कुणाचा?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने वरवंटा पायाने गटाराकडे लोटला आणि माझा डबा घेतला. इतकं सोपं होतं ते. मी घरी आले, वरणभात केला, दोन भाज्या केल्या, पुऱ्यासुद्धा तळल्या. नाक वर ठेवायला तेलही लागतं.

दुपारी पानं मांडली तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या, हातात पातेलं. माझ्या माहेरची माणसं येणार हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांच्या स्टोत रॉकेल नव्हतं, म्हणून जिला विस्तव लागत नाही अशी सोलकढी त्यांनी केली होती. स्वतःच्या माणसांना पावासोबत दिली आणि उरलेली आमच्याकडे आणली. भावाने वाटी तोंडाला लावली, "एक नंबर" म्हणाला आणि आणखी मागितली. मी त्याची वाटी पुन्हा भरली.

अर्धं माप अजून शिल्लक होतं. संध्याकाळी नेऊन देता आलं असतं. पण दिलं असतं तर कुठून आलं ते सांगावं लागलं असतं, म्हणून मी तो डबा तांदळाच्या पिंपामागे लपवला. याची मला त्या खोटेपणाहून जास्त लाज वाटते.

दोन दिवसांनी दोघं गावी गेले, महिनाअखेर उरलेले तिघं. माझ्या एका मापाने संप मोडला असं म्हणायला मी वेडी नाही. पण खानावळ मोडली. मावशींनीही गावचा रस्ता धरला. त्या पुढे कोण आणि मागे कोण हे रोज बघणाऱ्या. त्यांना कळलं नसेल, असं मी स्वतःला कितीदा समजावलं तरी पटत नाही. जाताना त्यांनी वरवंटा माझ्या हातात दिला. गटारातून काढून त्यांनी तो धुतला होता.

"मी येईपर्यंत माझो नंबर धर गो," त्या म्हणाल्या.

त्या आल्या नाहीत. नवऱ्याला गिरणीने परत घेतलं नाही, मी शिकवण्या करून संसार ओढला. पुष्कळ वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आमचा नंबर लागला. पेढे वाटले. पाच माणसांना संपात जेवू घालणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच यादीत असायचं कारण नव्हतं.

नव्या घरात वरवंटा ओट्याच्या कडेला असतो. परवा कामाला येणाऱ्या बाईंनी पुसता पुसता तो उचलला.

"तुटलाय की हा. कुणाचा? टाकून देऊ?"

"खालीच ठेवा," मी म्हटलं. "मावशींचा आहे. त्या यायच्यात."

तेव्हा दुकानात मला एवढंच तर म्हणायचं होतं.