उलटा खटका

शर्यतीच्या गाडीला दार नसतं. माणूस खिडकीतून आत शिरतो आणि खिडकीतूनच बाहेर येतो. तो आत बसून पट्टे आवळले गेले, की बाहेरून कोणीतरी खिडकीला काळ्या पट्ट्यांची जाळी लावायची. धडक झालीच, तर आतल्याने खटका दाबून जाळी खाली पाडायची. जाळी पडली की मैदानभर सगळ्यांना कळतं, माणूस शाबूत आहे.

हे जाळी लावायचं काम चौदा वर्षं बखियाकडे होतं. त्याचा खरा धंदा गाड्यांची सीट-कव्हरं शिवण्याचा. टाका इतका सरळ, की नावच बखिया पडलं. शर्यतीच्या दिवशी मात्र तो धाकट्या भावाच्या गाडीपाशी उभा असे. जाळ्याही त्यानेच शिवलेल्या.

भाऊ भिंतीवर आदळला त्याला सहा वर्षं झाली. जाळी पडली नाही. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी गेला, काही कळलंसुद्धा नसेल. भावाच्या बायकोने तेवढ्या एका वाक्यावर सहा वर्षं काढली.

बखियाला मात्र दोन गोष्टी ठाऊक होत्या आणि त्या त्याने कोणाला सांगितल्या नव्हत्या. त्या सकाळी दोघा भावांचं वाजलं होतं. "तू फक्त जाळी लाव, गाडी मी चालवतो," असं धाकटा सगळ्यांदेखत म्हणाला आणि याने रागाच्या भरात, न बघता जाळी लावली. खटक्याचं बटण आतल्या बाजूला यावं लागतं. खटका उलटा बसला, तर आतून अंगठा पोचत नाही. त्या दिवशी तो कसा बसला होता, हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की धूर दाटण्याआधी जाळी हलली होती. वाऱ्याने हलते तशी नव्हे.

गुडघे बोलू लागल्यापासून दुकान अर्धाच दिवस उघडं असायचं. एकदा भावजय येऊन म्हणाली, "भाऊजी, त्याची गाडी करून द्या ना. छोटी, पण हुबेहूब. मोडायच्या आधीची."

तो नाही कसा म्हणणार? दुपारी मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर काम सुरू झालं. माप एकास चोवीस. गाडी नव्या धाटणीची, म्हणजे चाकाला पाचाऐवजी मधोमध एकच मोठा नट. आतला नळ्यांचा सांगाडा त्याने तारेचा केला. खांद्याचे पट्टे जुन्या कॅसेटच्या फितीचे, त्यांची बक्कलं गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीची. पुढचे दिवे खऱ्या गाडीवरही नुसते स्टिकर असतात, तसेच त्याने चिकटवले.

"नुसते डोळे काढलेत होय?" बायको म्हणाली. "म्हणजे आंधळीच की तुमची गाडी."

"तिला दिवसा पळायचं असतं."

"आणि चालवणारा कुठाय?"

"तो नाही करणार," बखिया म्हणाला.

जाळी शेवटी केली. अंगठ्याच्या पेराएवढी, एकपदरी दोऱ्याने शिवलेली. खटका घड्याळाच्या पट्ट्याच्या कांडीतून घासून काढला, खऱ्यासारखा उघडणारा. तो त्याने सुलट बसवला, जाळी लावली आणि चहाला गेला. परत येऊन पाहतो, तर जाळी खाली.

"तू हात लावलास?"

"मी? मागे नुसती शिंकले, तर चार दिवस तोंड फुगवून बसला होतात. मी त्या खोलीत श्वास घ्यायलासुद्धा भिते."

दुसऱ्या दुपारी तेच झालं. तिसऱ्या दुपारीही. खटका ढिला नव्हता, ते त्याने भिंगातून तपासलं. तरी त्याला बरं वाटू लागलं होतं. रोज खोलीत शिरताना तो आधी जाळीकडे बघायचा आणि पडलेली दिसली की हलकेच मान डोलवायचा.

तिथेच थांबला असता, तर गाडी कपाटावर जाऊन बसली असती. पण चौथ्या दिवशी त्याने चिमटा घेतला आणि खटका उलटा करून बसवला.

जाळी पडली नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशीही नाही. तिसऱ्या दुपारी तो समोर बसून असताना आवाज आला. टिक. मग टिक-टिक-टिक, प्लास्टिकवर सुईचं टोक आपटावं तसा. पाच-सहा वेळा, मग शांतता, मग पुन्हा. त्याने भिंग धरलं. जाळी मधोमध बाहेरच्या अंगाला फुगत होती आणि परत बसत होती. तिच्यामागे रिकामी खुर्ची होती, पट्टे बांधलेली.

चिमटा हाताशी होता. पण तो खटका गुपचूप सरळ करणं म्हणजे सहा वर्षं जे केलं, तेच पुन्हा करणं. त्याने भावजयीला फोन लावला.

"झाली का गाडी?"

"झाली. ये. पण आधी मला काहीतरी सांगायचंय तुला."

ती संध्याकाळच्या आत आली. दारातच तिने विचारलं, "हे काय वाजतंय?"

बखियाने सांगून टाकलं. भांडण, न बघता लावलेला खटका, हललेली जाळी. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, आपल्या बोटांकडे बघत होता.

"किती वेळ हलत होती?"

"पाच-सहा श्वास."

"म्हणजे त्याला कळलं होतं."

"हो."

टेबलावरचं टिकटिकणं थांबलं, पुन्हा सुरू झालं. तिने डोळे पुसले नाहीत. "सहा वर्षं माझ्या घरी जेवलात, भाऊजी," ती म्हणाली. "समोर बसून."

मग तिने हात पुढे केला. "तो चिमटा द्या."

"मी करतो."

"तुम्ही नको."

दोनदा चिमटा सटकला. तिसऱ्यांदा खटका फिरला. ती गाडीच्या खिडकीशी वाकून, घरातल्या माणसाला हाक मारावी तशी म्हणाली, "चल, ये बाहेर. किती वेळ बसशील?"

जाळी खाली पडली. आवाज बंद झाला. खोली इतकी शांत झाली, की पलीकडे बायकोने भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं.

बखियाने भिंग उचललं. रिकाम्या खुर्चीवरचे पट्टे, जे त्याने स्वतः डिंक लावून पक्के बसवले होते, दोन्ही बाजूंना मोकळे पडले होते. चांदीची बक्कलं उघडलेली होती.

भावजयीने भिंग मागितलं नाही. ती दरवाजाकडे बघत होती. दरवाजा तिने आत आल्यावर लावून घेतला होता, आणि आता तो हातभर उघडा होता.