करंगळीवरची निळी खूण

पोलिओच्या रविवारी मार्करचं टोपण काढलं की त्या वासासरशी मला सातिवलीची गोदामामागची चाळ आठवते.

तेव्हा मी नवीनच आशाताई झाले होते. डोस पाजला की बाळाच्या करंगळीवर काळी खूण करायची. परभणीहून आलेल्या सुमनने दारातच बाळाची करंगळी पुढे केली. "दिलाय डोस, ताई." खूण होती, पण निळी, बॉलपेनाची. पत्रे तापलेले, माझी निम्मी घरं बाकी. शेजारणींसमोर मी तिला खोटारडी म्हटलं.

ती ओरडली नाही. पदराने करंगळी पुसत म्हणाली, "मागच्या महिन्यात तुमीच सुई द्यायला नेलं. पोरगं दोन दिस तापानं फणफणलं. दवाखान्यात गेले, तर आधी आधार कार्ड आन म्हनले. तवा तुमी कुठं होतात?"

मी डोस पाजला, काळी खूण केली. पुढच्या फेरीला खोलीला कुलूप होतं. कामण गावाला राहायला गेली म्हणे.

तेव्हा वाटलं होतं, मी तिची लबाडी पकडली. आता गुडघे बोलतात, घरं वाढतच चाललीत. तरी सुई टोचलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी दुसऱ्या दिवशी जाते. काही जणी दार उघडत नाहीत. मी बाहेरूनच विचारते, "ताप आला का गं?"