पक्की गल्ली

दाराची घंटा वाजली म्हणून व्हर्नेल गॅड्स्डनने लगेच दार उघडलंय, असं कधी झालं नाही. आधी वरच्या खोलीत जायचं, पडद्याच्या फटीतून आलेल्या माणसाचे बूट बघायचे, हातातली पिशवी बघायची, गल्लीच्या तोंडाशी त्याचा कुणी सोबती उभा आहे का ते बघायचं. मग खाली येऊन साखळी तशीच ठेवून विचारायचं, "काय विकताय?" चर्चचे रेव्हरंड आले तरी पहिला प्रश्न हाच.

याला कारण होतं. साउथ कॅरोलायनातून आई तिला घेऊन फिलाडेल्फियाला आली तेव्हा ती एवढीशी होती. एका हसऱ्या, टोपीवाल्या माणसाकडून आईने हप्त्यांवर घर घेतलं. सात वर्षं लोकांचे कपडे शिवून हप्ते भरले, आणि एक हप्ता चुकल्यावर कळलं की घर आईच्या नावावर कधी झालंच नव्हतं. शिवणयंत्रासकट सगळं सामान फुटपाथवर आलं. त्या माणसाने पहिल्या भेटीत आईला 'मॅडम' म्हटलं होतं. गोऱ्या माणसाच्या तोंडून आई तो शब्द प्रथमच ऐकत होती, आणि ती भुलली ती त्या एका शब्दाला, असं व्हर्नेलचं ठाम मत होतं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की तिच्या मनात पाल चुकचुके.

पुढे ती ट्राम चालवायला लागली. अठ्ठावीस वर्षं चालवली. समोर रूळ आणि डोक्यावर आरसा. मागच्या दाराने फुकटे कुठे चढतात, कोण कुणाच्या खिशाकडे बघतंय, सगळं त्या आरशात. निवृत्त झाली तरी तो आरसा डोक्यातून काही उतरला नाही.

अशा बाईने आयुष्यात एकाच पुढाऱ्यावर विश्वास टाकला. क्लिफ्टन रेम्बर्ट. कोपऱ्यावर एका मुलीला मोटारीने उडवलं, तेव्हा हा तरुण वकील गल्लीतल्या बायकांबरोबर भर रस्त्यात खुर्ची टाकून बसला होता. पोलिसांनी उचललं तर परत येऊन बसला. कोपऱ्यावर गाड्या थांबवणारी पाटी आणि सिग्नलचा दिवा लागल्यावरच उठला. नंतर तो राज्याच्या विधानसभेत गेला आणि गेली चोवीस वर्षं तिथेच होता. या भागात नोव्हेंबरच्या निवडणुकीला कुणी विचारत नाही. डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार ठरला की आमदार ठरला. खरी लढत मे महिन्यातली, पक्षातल्या पक्षातली, प्रायमरीची. आणि रेम्बर्टच्या विरोधात तीही कित्येक वर्षांत कुणी लढलं नव्हतं. व्हर्नेल त्याची कमिटीची बाई. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर उभं राहून कुणाच्या नावापुढे बटण दाबायचं त्याचे कागद वाटायचे आणि संध्याकाळी गल्ली पक्की असल्याचं कळवायचं, हे तिचं काम.

त्या वर्षी वसंतात घंटा फार वाजायला लागली.

पहिला आला एक दाढीवाला गोरा पोरगा, डोक्यावर सायकलचं हेल्मेट. व्हर्नेलने साखळीतून विचारलं, "काय विकतोस?"

"काही नाही मॅम. केझिया ब्रॉडनॅक्सबद्दल बोलायचं होतं. ती रेम्बर्ट यांच्या विरोधात उभी आहे. लोकशाही समाजवादी आहे."

"म्हणजे माझं घर घेणार?"

"उलट मॅम! घर कुणाचं जाऊ नये म्हणूनच तर. भाडी वाढवणाऱ्यांना आळा घालायचा, बंद पडलेलं हॉस्पिटल—"

"तू राहतोस कुठं?"

पोराने हात केला. "पुढच्याच गल्लीत. हिरव्या दाराच्या घरात."

"मिसेस ड्यूक्सचं घर ते. चाळीस वर्षं राहिली बिचारी. तुझ्यासारखे लोक यायला लागले, घरपट्टी वाढली, आणि ती मुलीकडे डेलावेअरला गेली. ते दार हिरवं नव्हतं तेव्हा. ठाऊक होतं तुला?"

पोरगा लाल झाला. "नव्हतं, मॅम."

"मग आधी तुझ्यापासून कोण वाचवणार आम्हाला, ते ठरवून ये," म्हणत तिने दार लावलं.

आतून तिचा नवरा एल्वुड म्हणाला, "अगं, पोरगं उन्हात चालत आलं होतं. पाणी तरी विचारायचंस."

"पाणी विचारलं की माणूस आत येतो."

"हं," एल्वुड म्हणाला.

एल्वुडचं बोलणं 'हं'मध्ये सुरू व्हायचं आणि बहुधा तिथेच संपायचं. तो त्या बंद पडलेल्या हॉस्पिटलच्या उपाहारगृहात आचारी होता. रेम्बर्टने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं, "मी असेपर्यंत या हॉस्पिटलला कुलूप लागणार नाही." पुढच्याच उन्हाळ्यात कुलूप लागलं. व्हर्नेल म्हणाली, त्याने जिवाचं रान केलं, पण वरचे लोक ऐकेनात. तेव्हाही एल्वुड 'हं' म्हणाला होता.

मग एका शनिवारी उमेदवारीणबाई स्वतःच आल्या. तिशीची, नर्सची सपाट चप्पल घातलेली. "मिस व्हर्नेल, मी केझिया. ओडेसा ब्रॉडनॅक्सची नात."

व्हर्नेल ओडेसाला ओळखत होती. म्हणूनच जास्त सावध झाली. "ओडेसाची नात काय, नुसतं म्हणायचं तर मीही होईन. आजी कुठल्या चर्चला जायची?"

"बेथेलला. पण तिथल्या गाणाऱ्या बाईंशी भांडण झालं, तेव्हापासून घरीच रेडिओ लावायची."

हे खरं होतं, आणि बाहेरच्या माणसाला कळण्यासारखं नव्हतं. व्हर्नेलने साखळी काढली नाही, पण दार थोडं पुढे आलं. "कोपऱ्यावरचं घर कधी कोसळेल त्याचा नेम नाही. पाडून देशील?"

"प्रयत्न करीन. शब्द नाही देत. ते महापालिकेच्या हातात आहे, माझ्या नसेल."

ती गेल्यावर व्हर्नेल कितीतरी वेळ दारामागे उभी होती. मत मागायला आलेला माणूस शब्द देत नाही? हा कुठला नवा डाव? खोटं बोलणारे तिने ढिगाने पाहिले होते. त्यांचं काय करायचं ते ठाऊक होतं. या पोरीचं काय करायचं, ते सुचेना.

त्यानंतर तिला गल्लीच बदलल्यासारखी वाटायला लागली. ओट्यांवर गप्पा रंगलेल्या असायच्या. ती दिसली की हवापाण्यावर यायच्या. समोरची लॅव्हिनिया टॉल्बर्ट दर निवडणुकीला खिडकीत रेम्बर्टची पाटी लावायची, या खेपेला म्हणाली, "पाटी ओली झाली गं, वाळवतेय." तीन आठवडे पाटी वाळत होती. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आणि मुरत होतं ते थेट घरात, असं तिच्या लक्षात आलं. एल्वुड दर शनिवारी सकाळी न्हाव्याकडे जाऊ लागला. डोक्यावर केस मोजून मूठभर. परत यायचा तीन तासांनी, आणि अंगाला वास न्हाव्याच्या पावडरीचा नाही, कांद्याचा आणि तळणाचा. स्वतःशी गुणगुणायचा. व्हर्नेलने ताडलं: बाई आहे. स्वयंपाक करून घालणारी बाई.

पुढच्या शनिवारी तिने डोक्याला रुमाल बांधला आणि चार घरांचं अंतर ठेवून त्याच्या मागे निघाली. तो न्हाव्यावरून पुढे गेला. चपलांच्या बंद पडलेल्या दुकानाशी वळला आणि आत शिरला. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: केझिया ब्रॉडनॅक्स.

काचेआड एल्वुडने एप्रन चढवला. मोठ्या पातेल्यात कोलार्डच्या पानांची भाजी ढवळली, मासे तळायला टाकले. तो दाढीवाला पोरगा पावाच्या थाळ्या लावत होता, आणि एल्वुड त्याला काहीतरी सांगत होता. 'हं' नव्हे, लांबलचक, हातवारे करत, हसत सांगत होता. हॉस्पिटल बंद झाल्यापासून इतकं बोलताना तिने त्याला पाहिलं नव्हतं.

बाई असती तर बरं झालं असतं. बाईच्या झिंज्या धरून तिला पायऱ्यांवरून खाली कसं ओढायचं, हे व्हर्नेलला सुचलं असतं. ती तशीच घरी आली. तो आल्यावर फक्त म्हणाली, "केस बरे कापलेत."

"हं."

रेम्बर्टला कळवणं तिचं काम होतं. दोनदा तिने फोन उचलला. दोन्ही वेळा बहिणीला फोन केला आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मतदानाच्या दिवशी ती सकाळपासून केंद्राबाहेर कागद वाटत उभी होती. शेजारी येत होते, कागद घेत होते. "हो मिस व्हर्नेल, नेहमीचंच की!" ती प्रत्येकाच्या पाठीकडे बघत राही. आधी कुणी 'नेहमीचंच' असं सांगत नसे. न सांगताच करत. आता सगळेच सांगत होते.

दुपारी रेम्बर्टची मोटार आली. त्याने तिला मिठी मारली. "व्हर्नेल, तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? आणि एल्वुडची पाठ?" सगळं लक्षात होतं त्याच्या. माणूस वाईट नव्हता, थकला होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गल्ली पक्की आहे ना?"

"पक्की," व्हर्नेल म्हणाली.

चोवीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. तिला वाटलं होतं तो डोळ्यांत बघेल, ओळखेल. तो मोटारीत बसून दुसऱ्या केंद्राकडे गेला. मग ती आत गेली आणि रेम्बर्टच्या नावापुढे बटण दाबून आली. रस्त्यात खुर्ची टाकून बसलेला तो वकील तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

संध्याकाळी यंत्रातून निघालेली निकालाची पट्टी केंद्राच्या दारावर चिकटवली. व्हर्नेलने चष्मा पुसून वाचलं. तिच्या गल्लीतल्या दर पाच मतांतली चार केझियाची होती. सगळ्या मतदारसंघात रेम्बर्ट पडला, पण तिच्या गल्लीत पडला तसा कुठेच नाही.

सकाळी वॉर्डाचा पुढारी पेटिवे याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "व्हर्नेल, काय कबूल केलंय गं त्या पोरीने तुला?"

"तोंड सांभाळून बोल, पेटिवे. मी क्लिफ्टनला मत दिलंय."

"तुझा नवरा दर शनिवारी त्यांना मासे तळून घालत होता! अख्ख्या वॉर्डाला ठाऊक आहे. आणि ज्या बाईच्या नजरेतून ट्राममधला फुकट्या सुटला नाही, तिला घरातलं दिसलं नाही? कुणाला शिकवतेस? पुढच्या वेळी कागद वाटायला येऊ नकोस."

फोन ठेवून ती वळली. एल्वुड टेबलाशी कॉफी घेऊन बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"सांगणारच होतो तुला," तो म्हणाला. "पण तू क्लिफ्टनला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं."

"म्हणून मग... ती पोरगी हॉस्पिटलात असताना रात्रपाळी संपवून माझ्याकडे नाश्त्याला यायची, नेल. आम्हाला काढलं त्या दिवशी क्लिफ्टनने चिठ्ठी पाठवली. ही पोरगी हॉस्पिटलच्या दारात येऊन आमच्याबरोबर उभी राहिली."

"गल्लीला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून." तो कपाकडे बघत राहिला. "लोकांना तुझी भीती वाटते गं. प्रेमही आहे, पण तुझ्यासमोर खरं बोलायचं म्हणजे वॉर्डापर्यंत जाणार. म्हणून सगळे तुला आवडेल ते बोलतात. एकट्या तुलाच ठाऊक नव्हतं."

व्हर्नेलला हे फार लागलं. आयुष्यभर तिने प्रत्येकावर पाळत ठेवली होती. आणि अख्खी गल्ली, पोराबाळांसकट, तिच्याकडे बघून सावध होत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"काचेतून पाहिलं मी. एप्रन उलटा बांधला होतास."

एल्वुडने कप खाली ठेवला. "आणि तू क्लिफ्टनला...?"

"नाही सांगितलं."

"का?"

 पेटिवेचा आरोप खोटा होता, हे ती छातीठोकपणे म्हणू शकत नव्हती, आणि तेच तिला सर्वांत बोचत होतं. ती म्हणाली, "मासे जास्त तळतोस तू. कडक होतात."

"हं," एल्वुड म्हणाला, पण या वेळी हसला.

पुढचे दिवस वाईट गेले. जुने लोक तिला गद्दार समजून तोंड फिरवायचे, आणि नवे लोक ती गुपचूप आपल्याच बाजूची होती असं समजून हात हातात घ्यायचे. कुणाचा राग जास्त येतो, ते तिलाही सांगता येत नव्हतं. केझिया आभार मानायला आली, तेव्हा व्हर्नेलने दारातच सांगितलं, "मी तुला मत दिलेलं नाही."

"ठाऊक आहे," केझिया म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही तशा वाटला नाहीत."

व्हर्नेलने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, साखळी काढली आणि आत बसवलं. तासभर तिला वॉर्डातल्या एकेकाबद्दल सांगितलं: कोण तोंडावर हसतो, कोण उशिरा येऊन लवकर जातो, कुणाच्या 'हो'चा अर्थ 'नाही' असतो. केझिया ऐकत होती. व्हर्नेल तिच्यावरही लक्ष ठेवून होती.

जानेवारीत राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला शपथविधी होता. गल्लीतल्या लोकांनी बस केली. व्हर्नेल नाही नाही म्हणत एल्वुडशेजारी जाऊन बसली. सज्ज्यातून तिने केझियाला हात वर करून शपथ घेताना पाहिलं. लॅव्हिनिया रडत होती. व्हर्नेलचे डोळे खालच्या खुर्च्यांवरून फिरत होते.

समारंभानंतर बाहेरच्या व्हरांड्यात गर्दी झाली. निळ्या टायचा एक वयस्कर आमदार पुढे आला. दोन्ही हातांनी केझियाचा हात धरून म्हणाला, "स्वागत, मॅडम. काही लागलं तर माझं दार उघडं आहे."

तो गेल्यावर व्हर्नेलने केझियाचं कोपर धरून तिला बाजूला ओढलं. "त्याच्यापासून जपून राहा."

"का? काय केलं त्याने?"

"अजून काही नाही. पण हात तुझा धरला होता आणि बघत होता तुझ्या मागे कोण उभं आहे ते."

केझिया वळून त्या निळ्या टायकडे बघू लागली. व्हर्नेलने तिला दंडाला धरून परत समोर वळवलं. "असं वळून बघू नये, पोरी. चल. बाकीच्यांकडे मी बघते."