जुल्पोकरीण आणि नऊ भट्ट्यांचं मीठ

जुल्पोकरीण लग्न होऊन आमच्या गावात आली, तेव्हा आम्ही बायकांनी तिला बघून एका दमात निकाल लावून टाकला होता. ही म्हणजे पाण्यात ठेवलेला टोफू, बोट लावलं तर खड्डा पडेल. मान खाली, आवाज एवढासा. सासूने "पाणी आण" म्हटलं की ही आधी "हो" म्हणायची, मग वाकायची, मग उठायची, तोवर म्हातारीची तहान मरायची. त्या भट्टीवाल्यांच्या आगीच्या घरात हिचा कसा निभाव लागणार, म्हणून आम्ही शिंपले सोलता सोलता चुकचुकलोसुद्धा. आता आठवलं की हसू येतं. आम्हा साळकाया-माळकायांना माणसाची एवढी पारख असती, तर आमची स्वतःची लग्नं अशी लागली असती का?

नाव तिचं ओक्शिम. पण आमच्याकडे सुनेला नावाने हाक कोण मारतो? माहेर जुल्पो गावचं, म्हणून जुल्पोकरीण. नवऱ्याचं नाव गिल्बोक, म्हणजे मोठा नशीबवान. नावं ठेवणारे ठेवून मोकळे होतात, निस्तरायचं दुसऱ्याने.

गिल्बोकची भट्टी बांबूच्या मिठाची, बापापासून चालत आलेली. काम सांगायला सोपं, करायला कंबरडं मोडणारं. बांबूचा तुकडा असा कापायचा की खालची गाठ बुडासारखी राहील. त्यात आमच्या खाडीचं जाडं मीठ काठीने ठासून भरायचं, तोंड पिवळ्या मातीने लिंपायचं, आणि पाइनच्या लाकडावर भाजायचं. बांबू जळून जातो, मीठ मेणबत्तीसारखं उभं राहतं. ते फोडायचं, कुटायचं, पुन्हा नव्या बांबूत भरायचं. असं आठदा. नवव्या वेळी पाइनची राळ टाकून आग अशी भडकवायची की मिठाचं पाणी होऊन काकवीसारखं वाहतं, आणि थंड झालं की जांभळट दगड. तो हातोड्याने फोडला की झालं नऊ भट्ट्यांचं मीठ.

लिंपायचं काम बाईचं. माती पातळ झाली तर गळते, घट्ट झाली तर तडकते आणि मिठात राख शिरते. जुल्पोकरीण ते आयुष्यभर करत आली. तिचा उजवा अंगठा बघाल तर अगदी चमच्यासारखा चपटा. गिल्बोककडे काम दोनच, आग आणि तोंड, आणि दोन्ही कायम पेटलेली. दात घासायचेत? हे मीठ. घसा धरला? ह्याच्याच गुळण्या. डोळे आले, पाण्यात विरघळवून धुवा. डास चावला, चोळा. पोट बिघडलं, खडा जिभेखाली धरा आणि लाळ गिळत राहा. नवरा-बायकोच्या भांडणावर तेवढा त्याने उतारा सांगितला नाही, कारण त्याच्या घरात भांडणच नव्हतं. बायको बोलेल तर भांडण.

त्या घरात एक रीत होती. नववी भट्टी लागली की दुखण्याखुपण्याचं नाव काढायचं नाही. मीठ ऐकतं आणि कडू होतं, असं सासरा सांगायचा. बोट भाजलं तरी सुनेने "गरम आहे हं" एवढंच म्हणायचं.

मग एका वर्षी गिल्बोक ताटात भात टाकायला लागला. बरगडीच्या खाली हात दाबून बसायचा. आधी एक खडा जिभेखाली, मग दोन. जुल्पोकरीण म्हणाली, "बूआनच्या दवाखान्यात जाऊन येऊ या."

"वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला. "भट्टीवाला दवाखान्याच्या बाकावर बसलेला दिसला, तर उद्या मीठ कोण घेईल?"

खरंच होतं ते. बाकावर बसायच्या आधी ही बातमी आम्हीच गावभर केली असती. तेवढ्यात नववी भट्टी लागली, आणि दुखणं हा शब्दच घरातून हद्दपार झाला. तो कळवळायचा, ती मातीकडे बघायची. भट्टी विझली तर किमचीच्या लोणच्यासाठी कोबी खारवायचे दिवस आले. कोबी रांजणात गेला तर बर्फ पडलं. शेवटी मुलाने, सांगबोमने, त्याला गाडीत घालून जोंजूच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरवलं, तेव्हाही हा शहाणा लग्नाचा सूट घालून निघाला. गावात सांगितलं, चुलतभावाच्या मुलीचं लग्न आहे. डॉक्टरनी सूट काढायला लावला, पोट उघडलं, आणि तसंच शिवून टाकलं. सूट पिशवीतून घरी आला.

मातीच्या दिवशी सांगबोम सगळ्यांना म्हणाला, हृदय अचानक बंद पडलं. आम्ही मसालेदार मांसाचं सूप ओरपत म्हटलं, सुटला बिचारा, हाल नाही झाले. जुल्पोकरीण वाढत होती. तिने कुणाच्या वाटीत सूप कमी पडू दिलं नाही.

सांगबोम काही वाईट मुलगा नाही हं. गुन्सानच्या गोदीत जहाजं रंगवायचा, ते सोडून बापाची भट्टी धरायला आला. भट्टी त्याला लागलीही चांगली. पण लोक गिल्बोकच्या तोंडाचं मीठ घेत होते, आणि ते तोंड तर मातीखाली गेलेलं. मग त्याने पुडक्यावर बापाचा हसरा फोटो छापला आणि खाली लिहिलं, जन्मात कधी पोटाची तक्रार नाही. ग्वांगजूच्या एका महिला मंडळाची बस भट्टी बघायला येणार होती, मोठं गिऱ्हाईक. त्या दिवशी आईने बोलावं, असं त्याच्या मनात आलं.

"फार काही नाही, आई. हसून दात दाखव. मग म्हण, आमच्या ह्यांचं पोट ह्याच मिठाने ठीक राहिलं."

"दात दाखवीन," जुल्पोकरीण माती तुडवत म्हणाली.

"आणि पोटाचं?"

"दात चांगले आहेत माझे. सगळे आहेत."

"आई, भट्टी बसली तर मी परत जाऊन जहाजं रंगवू का? बाबा असते तर त्यांनी हेच सांगितलं असतं."

"तुझे बाबा हेच सांगायचे. कुठे आहेत ते?"

सांगबोम पाय आपटत गेला. तिलाही काही मजा येत नव्हती. पोरगं घरात राहावं, भट्टी चालावी, ह्यासाठी तिनेच पहाटे उठून देवापुढे पाण्याची वाटी ठेवून मागणं मागितलं होतं. एक वाक्य तर बोलायचं होतं. एवढी वर्षं गप्प बसून काढली, आता एक वाक्य बोलून काढायचं.

बोललीही असती. पण शेजारी राहते ती केह्वाकरीण. तिचं तोंड म्हणजे मिरवणुकीतला ढोल. वसंत लागल्यापासून ही बया बरगडीखाली हात दाबून फिरत होती आणि तोंडात खडा चघळत होती. जुल्पोकरणीने तो हात पाहिला. नेमकी तीच जागा.

"ताई, डॉक्टरला दाखवा की," ती कुंपणावरून म्हणाली.

"आणि तुझ्या घरचं मीठ काय गाईला घालू?"

"आमचे हे असाच हात दाबून धरायचे."

"अगं, ते तर हृदयाने गेले ना?"

जुल्पोकरणीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "हो." त्या रात्री तिला झोप लागली नाही, हे तिने आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही भाजीला शिव्या घालता घालता.

बस आली. रंगीत टोप्या घातलेल्या बायका उतरल्या, भट्टीपुढे उभं राहून फोटो काढून झाले. सांगबोमने बापासारखं बोलायचा प्रयत्न केला, पण त्याचं बोलणं म्हणजे ओलं लाकूड, धूर फार आणि जाळ नाही. पहिल्या रांगेत केह्वाकरीण पाहुणीसारखी बसलेली. कुणी विचारलं नसताना म्हणाली, "मीसुद्धा घेते बरं का, पोटासाठी," आणि सगळ्यांना दाखवून खडा तोंडात टाकला. बायकांनी माना डोलावल्या. माइक जुल्पोकरणीच्या हातात आला.

तिने दात दाखवले. टाळ्या पडल्या.

"आणि पोटाला, आई?" सांगबोमने आठवण केली.

ती केह्वाकरणीकडे बघत राहिली. केह्वाकरणीचा हात बरगडीखालीच होता.

"दात घासा ह्याने," जुल्पोकरीण म्हणाली. आवाज तोच, एवढासा. माइक होता म्हणून पोचला. "गुळण्या करा. सोया सॉसच्या रांजणात घाला, चांगला टिकेल. भाजलेलं डुकराचं मांस ह्यात बुडवून खा, मग दुसरं काही नको वाटणार. पण पोट रोज दुखत असेल तर डॉक्टरकडे जा. माझा नवरा गेला नाही. त्याच्या पोटात गाठ होती. हृदय चांगलं होतं त्याचं, शेवटपर्यंत तेवढं एकच नीट चाललं."

केह्वाकरणीच्या तोंडातला खडा, धड थुंकता येईना, धड गिळता येईना. एका बाईने हातातलं पुडकं फळीवर परत ठेवलं, आणि ठेवताना गिल्बोकचा फोटो नीट समोर येईल असं वळवून ठेवलं. चांगल्या घरची असणार. दात घासायच्या मिठाच्या डब्या खपल्या थोड्या. बाकीचं जिथल्या तिथे.

बस गेल्यावर सांगबोम म्हणाला, "बाबांना दुसऱ्यांदा मारलंस." ती म्हणाली, "पहिल्यांदा आपण दोघांनी मिळून मारलं." ह्यापुढे मायलेकांत बरेच दिवस शब्द नाही. तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा, ती त्याच्या पाठीला वाढायची.

आणि गाव? गावाने काय आरती ओवाळली की काय तिची? आम्हीच म्हणालो, नवऱ्याची अब्रू परक्या बायकांपुढे मांडली, जीभ होती तर आधी कुठे गेली होती. केह्वाकरीण घाबरून जोंजूला गेली. पोटात जखम निघाली, वेळेत सापडली, औषधाने भरेल म्हणाले. तिने परत येऊन आभार मानले असं वाटत असेल तर तुम्ही तिला ओळखत नाही. "नळी घातली घशात," ती घरोघर सांगत सुटली. "आणि मिरची बंद. म्हणजे किमची बंद. त्या जुल्पोकरणीच्या जिभेपायी मी पांढऱ्या कोबीवर आले." जुल्पोकरणीने तिच्यासाठी बिनमिरचीच्या किमचीचा डबा पाठवला, तर डबा रिकामा परत आला, पण निरोप आला की मुळा कोवळा नव्हता.

त्या शरदात नववी भट्टी लागली नाही. पुडकी तशीच पडून राहिली. सांगबोम गुन्सानला परत गेला, जहाजं रंगवायला. भट्टीच्या दाराला लोखंडी पत्रा लावला, आणि जुल्पोकरीण त्या पत्र्यासमोरून रोज जायची, यायची, हातात मातीचं काम नसलेली. रिकामा अंगठा ती दुसऱ्या हाताने चोळत बसायची. विचारलं तर म्हणायची, थंडीने दुखतो. दुखतो म्हणायला आता बंदी नव्हती.

वर्षश्राद्धाला सांगबोम आला. येणं भागच होतं, पूजेला मुलगा लागतो. दुपारी स्वयंपाकघरात बसून तो पानावर मांडायचे चेस्टनट तासत होता. ते काम पुरुषाचं. ती मांस आणि मुळ्याच्या सुपाचं पातेलं ढवळत होती. मग तो उठला आणि माजघरातून एक बरणी घेऊन आला.

"हे घाल सुपात."

"काय आहे?"

"बाबांच्या हातची शेवटची नववी भट्टी."

"सुपात नाही जायचं ते."

"त्यांच्या श्राद्धाला त्यांचंच मीठ नको?"

"नको."

"आई, भट्टी गेली, सगळं तुझ्या मनासारखं झालं. आता चिमूटभर मिठावरून पण?"

भट्टीचं बोलणं तिने गिळलं. गिळायची सवय होती. "सूप मी करतेय," ती म्हणाली.

"त्यांना हेच आवडायचं. अख्ख्या गावाला माहीत आहे."

"गावाला त्यांचं हृदयसुद्धा माहीत होतं."

सांगबोम बरणी काही खाली ठेवेना. बापाचाच हट्टी.

"तुझ्या बाबांनी ह्या घरात एकदाही हे मीठ सुपात खाल्लेलं नाही," ती म्हणाली. "लोकांपुढे चिमूट टाकायचे. लोक गेले की वाटी माझ्याकडे सरकवायचे, अंड्याचा वास येतो, दुसरं दे. आयुष्यभर औषध म्हणून गिळलं त्यांनी ते. आज तरी जेवू दे."

"काहीतरीच. वास-बीस काही येत नाही."

तिने अळणी सूप दोन वाट्यांत ओतलं. एकीत बरणीतलं कुटून टाकलं, दुसरीत पोत्यातलं जाडं. दोन्ही वाट्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि भजीचं पीठ कालवायला वळली, जणू तिला काही पडलेलंच नाही.

त्याने एकीतलं चाखलं. दुसरीतलं चाखलं. "सारखंच आहे," तो म्हणाला. आणि चमचा पुन्हा दुसरीत घातला.

"मग ती का ओढलीस?"

"ही जास्त गरम आहे."

"एकाच पातेल्यातलं आहे."

त्याने ती वाटी संपवली. पहिली तशीच निवत होती. मग नाकाजवळ धरून बघितली. "अंड्याचा नाही हा," तो म्हणाला. "गंधकाचा असतो. भट्टीत येतो तो."

"पण वास आहे."

"अंड्याचा नाही म्हणतोय मी."

"वास आहे म्हणालास ना? झालं मग," जुल्पोकरीण म्हणाली, आणि पोत्यातलं मूठभर मीठ तिने पातेल्यात टाकलं.