निरोप न देता काढलेला पेन ड्राइव्ह

पेन ड्राइव्ह हाती आला की भाई तो आधी शर्टाच्या बाहीला पुसायचे. मग कंप्यूटरच्या डब्यावर टिचकी मारून म्हणायचे, “बघ, कोण आलंय.”

मिरकरवाड्यातल्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा मी सचिव होतो. भाई पूर्णगडचे. आखातात जहाजांवर वायरमन म्हणून उमर घालवून परतलेले. सोसायटीत कंप्यूटर आला तेव्हा विंडोज विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि चोरीची घालायला भाई तयार नव्हते. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी फुकट मिळणारं लिनक्स चढवलं.

“हे कुणा एकाचं नाही, अण्णा. रापणीचं जाळं ओढायला सगळा गाव लागतो ना, तसं जगभरच्या लोकांनी ओढलंय.”

ओढलं होतं खरं, पण यूएसबीची कुठलीही वस्तू लावली की ते गप्प बसायचं. प्रिंटरला आठ दिवस लागले. भाई काळ्या चौकटीत ओळीमागून ओळी टाइप करायचे आणि मी विचारलं की उत्तर ठरलेलं: “ओळखतंय, पण बोलत नाही.” एका स्कॅनरनं तर दोन वर्षं ओळखही दाखवली नाही. आम्ही त्यावर चहाचे कप ठेवायचो. भाई मात्र दर सोमवारी कप उचलून त्याची वायर लावून बघायचे. आजाऱ्याची विचारपूस करणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

“काय भाई, उठला काय पेशंट?” आमचे चेअरमन विचारायचे.

“नाडी लागतेय,” भाई म्हणायचे.

पेन ड्राइव्हबद्दल त्यांचा एकच नियम होता. “पाहुणा आहे तो. आल्यावर बसवायचा, जाताना निरोप द्यायचा. मधेच हात धरून ओढायचा नाही.” बसवायचा हुकूम वेगळा, निरोपाचा वेगळा, दोन्ही कागदावर लिहून त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवले होते. फाईल गेलेली दिसली तरी यंत्र ती सवडीनं लिहितं. निरोप दिला की उरलेलं लिहून मोकळं होतं. मला हे तोंडपाठ होतं. भाईंची नक्कल करत मी ते चारचौघांना सांगायचोही.

त्या वर्षी पावसाळी बंदी उठायच्या आधी बोटींच्या परवान्यांची यादी सरकारी कचेरीत द्यायची होती. शेवटचा दिवस शुक्रवार. भाई जुम्म्याच्या नमाजाला निघताना म्हणाले, “मी आल्यावर काढू.” पण चेअरमन खाली रिक्षात बसून हाका मारत होते. मी यादी पेन ड्राइव्हवर टाकली, पडद्यावर तिचं नाव दिसलं आणि तो खेचून घेतला.

कचेरीत उघडला तर यादीचं नाव होतं, आत एकही बोट नव्हती. परत जाऊन आणेपर्यंत कचेरी बंद झाली, मुदत टळली. बंदी उठली तेव्हा बाकीच्यांच्या बोटी समुद्रात गेल्या आणि आमच्या आठ दिवस जेटीला बांधलेल्या राहिल्या.

सभेत चेअरमन म्हणाले, “तुमचं यंत्र फुकटचं, भाई. आमच्या बोटी फुकटच्या नव्हत्या.”

भाईंनी यंत्रातली नोंद उघडली. पेन ड्राइव्ह कधी लागला, निरोपाशिवाय कधी निघाला, सगळं तिथे मिनिटासकट होतं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. नमाजाची वेळ होती ती. माझ्याकडे न बघता त्यांनी चौकट बंद केली.

“माझंच लक्ष नव्हतं,” ते म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी इतिवृत्त लिहीत होतो. ‘सदर प्रणाली भरवशाची नसल्याने ती बंद करावी व ती सांभाळणाऱ्यांची सेवा थांबवावी.’ ठराव माझ्याच वळणदार अक्षरात आहे. तो खोटा आहे. प्रणाली ठीक होती, चूक माझी होती.

आपला स्क्रूड्रायव्हर घ्यायला आले तेव्हा भाई हळूच मला म्हणाले, “अण्णा, विंडोजवर पण निरोप द्यायचाच असतो हां.”

पूर्णगडला जायला मला सहा वर्षं लागली. तोवर भाई गेले होते. भाभींसमोर बसून मी सगळं सांगितलं, काही न वगळता. मग कोकम सरबताचा पेला माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या,

“ते म्हणायचे, अण्णा येतील सांगायला. घाई त्यांना फक्त कचेरीच्या कामाची.”