सोफ्याच्या उंचीचे स्पीकर

हॉलमध्ये स्पीकर कुठे ठेवायचे यावरून मी आणि बायको जेवढे भांडलो, तेवढे हा फ्लॅट घेतानाही भांडलो नव्हतो. आणि ज्यांच्यासाठी ते स्पीकर आणले ते माझे वडील आमच्या भांडणातलं अर्धंच ऐकत शांत बसलेले असायचे.

वडिलांचा सारा जन्म करंजा बंदरातल्या मासेमारीच्या बोटींवर गेला. इंजिनाशेजारी बसून बसून कान गेले. मोठा आवाज कळतो, शब्द कळत नाहीत. कानाचं मशीन घेऊन दिलं, पण कानात किडा शिरल्यासारखं वाटतं म्हणून ते डबीत पडून आहे. गेल्या वर्षी आई गेली. त्यानंतर करंजाच्या घरात ते एकटेच होते. एकदा गोळ्या घ्यायच्या विसरले आणि घरापुढच्या ओट्यावर चक्कर येऊन पडले. शेजारी राहणाऱ्या माझ्या काकांनी उचललं म्हणून बरं. त्यानंतर मी त्यांना पनवेलला घेऊन आलो.

इथे संध्याकाळचं एकच काम, टीव्हीवरची मालिका. सुरुवातीला ते विचारायचे, "काय बोलला रं तो?" मी सांगायचो. मग हळूहळू विचारणं बंद झालं. मला वाटलं, समजायला लागलं असेल. एके दिवशी सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "शिमग्याला जातो तो तिकडंच ऱ्हातो. हितं मी मुक्यावानी बसतो. तुमी बोलता, टीव्ही बोलतो, मना काय कलत नाय."

ओट्यावर पडलेले वडील माझ्या डोळ्यांसमोर आले. तुमच्या तब्येतीसाठी राहा, असं सांगून ते ऐकणारे नव्हते. त्यांना इथे काहीतरी ऐकू यायला हवं होतं.

आमच्या ऑफिसात एक सहकारी आहे. त्याला आवाजाचं वेड आहे. तो म्हणाला, "टीव्हीचा आवाज मागच्या भिंतीवर आपटतो, शब्द कसे कळणार? दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर घे, एक अॅम्प्लिफायर घे. मग बघ."

घेतले. खोक्यात माहितीपुस्तिका होती. ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मला ती सवयच आहे. आमच्या घरात दहावी झालेला, मग पदवी घेतलेला मी पहिला. औषधाच्या बाटलीवरचं, रेशनच्या कागदावरचं, सगळं वाचायला माझ्याकडे यायचं. छापलेलं नीट वाचून तसंच्या तसं केलं की चुकत नाही, यावर माझं सगळं शिक्षण झालं आणि त्या शिक्षणावर माझं सगळं बरं झालं. त्यामुळे पुस्तिकेत लिहिलं होतं ते मी करणारच होतो. स्पीकर भिंतीपासून पुढे हवेत. दोन्ही ऐकणाऱ्याकडे किंचित वळलेले हवेत. आणि स्पीकरचा वरचा लहान गोल भाग, ज्यातून बोलण्यातले बारीक आवाज येतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा.

मी बायकोला सोफ्यावर बसवलं आणि टेप घेऊन जमिनीपासून तिच्या कानापर्यंत मोजायला लागलो.

"अहो, कानाचं माप कशाला? डूल करताय का?"

"हलू नकोस."

"कुकर शिट्टी मारतोय माझा."

"एक मिनिट बसता येत नाही तुला?"

"येतं की. गॅस तुम्ही बंद करा."

आधी मी ते शोकेसच्या कप्प्यांत ठेवले, एकीकडे तिची कपबशी आणि दुसरीकडे माझा पदवीदानाचा फोटो सरकवून. बातम्या देणारी बाई पाण्याच्या टाकीत बसून बोलत असल्यासारखी घुमायला लागली. मग बाहेर काढले. सुताराकडून सोफ्याच्या हिशोबाने लाकडी स्टँड करून घेतले. टीपॉय गॅलरीत गेला. फरशीवरून आवाज उडतो म्हणून सतरंजी आली. पळस्प्याकडून हायवेने येणाऱ्या ट्रेलरच्या आवाजाला अडवायला जाड पडदे आले, त्यामुळे दिवसा दिवा लावायची वेळ आली. प्रत्येक रविवार त्यात जायचा. सहकारी फोनवरून सांगायचा, "डावा जरा आत वळव. जास्त झालं. आता थोडा बाहेर." मी गुडघ्यांवर, फोन कानाला आणि हात स्पीकरला.

बायको म्हणाली, "हॉलमध्ये दोन पाहुणे उभे करून ठेवलेत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत."

शेवटी सहकारी स्वतः आला. सोफ्याच्या मध्यावर बसला, डोळे मिटले. "परफेक्ट!" म्हणाला. आणि खरंच होतं. बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी वडील अंघोळ करून आले आणि नेहमीसारखे खाली बसले. सोफ्याला पाठ टेकून, पाय लांब करून. मालिका सुरू झाली.

"बाबा, ऐकू येतं का?"

"येतो ना."

"काय म्हणाली ती?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं बोलली."

मी आवाज वाढवला. खालच्या मजल्यावरच्यांनी इंटरकॉम केला. मी आवाज कमी केला आणि माझा स्वतःचा चढला. "बाबा, वर बसा ना! सोफ्यावर बसा!"

"हितं बरा हाय."

"अहो, पण आवाज वर येतो!"

"येऊ दे."

मी हाताला धरून त्यांना वर बसवलं. डॉक्टरच्या दवाखान्यात बसावं तसे ते कडेवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. जाहिरात लागली आणि हळूच घसरून ते परत खाली. "पाय लोंबकलत ठेवून मी कवा बसलोच नाय," म्हणाले.

"सोडा ना त्यांना," बायको आतून म्हणाली.

"कसं सोडू? इतके रविवार कशासाठी घालवले मी?"

ती चहा घेऊन आली. टीपॉय गॅलरीत, म्हणून ट्रे तिने सतरंजीवर ठेवला. रागातच मी कप घ्यायला वडिलांशेजारी खाली बसलो. मालिकेतली सासू काहीतरी बोलत होती. आवाज येत होता, पण शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या. 'स' आणि 'त' जणू डोक्यावरून निघून जात होते. मी उभा राहिलो. स्वच्छ. खाली बसलो. पुन्हा गढूळ. परत उभा राहिलो, परत बसलो.

"काय झालं? उठाबशा कशाला काढताय?" बायकोने विचारलं.

मला बघून वडील हसले. "मास्तरानं सांगितला काय?"

मी पुस्तिका परत काढली. तिच्यात लिहिलं होतं, बसलेला माणूस. सोफा कुठेच नव्हता. तो मी माझ्या मनाने घातला होता. आमच्या करंजाच्या घरात सगळे जमिनीवर बसायचे. जेवण, अभ्यास, सगळं तिथेच. मीच ते विसरलो होतो, आणि राग वडिलांवर काढत होतो. इतका संताप आला, की तो सुतार, तो सहकारी, तो सोफा, कोणाला बोलावं कळेना.

मी टेप आणली. "बाबा, हलू नका."

"कान कापतोस काय?"

स्टँड काढले. त्यांच्या कानाच्या उंचीला बसेल असं काय आहे, म्हणून घरभर शोधलं आणि देवघराखालचे दोन चौरंग ओढले.

"ते पूजेचे आहेत!" बायको धावत आली. "सत्यनारायण काय फरशीवर बसवायचा?"

"पूजेला परत देईन."

"आणि तोवर?"

"तोवर बाबांचे स्पीकर बसू देत."

एक चौरंग तिनेच फडक्याने पुसून दिला. स्पीकर चौरंगांवर ठेवले, पुढच्या कडेखाली खोडरबराचे तुकडे सारून तोंड किंचित वर केलं. मालिका मागे नेऊन परत लावली. सासू सुनेला म्हणत होती, "कपाटाची चावी मी पाहिलीसुद्धा नाही."

वडील ताडकन पुढे झाले. "खोटं बोलतं ही! काल हिनंच तर उचलली चावी. पदरात घेतली, मी बगितला ना!"

इतके दिवस ते डोळ्यांनी सगळं बघत होते. कोण काय उचलतं, कोण कुठे लपवतं, सगळं. फक्त कशासाठी, ते त्यांना कळत नव्हतं. आता ते बोलायला लागले ते थांबेनातच. सून बावळट आहे. मुलगा बायकोचं ऐकत नाही, आईचंही नाही. मधल्या जाहिरातींतही ते उत्तरं देत होते. आम्हाला मालिका ऐकू येईना.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर काकांचा फोन आला, करंजाहून. शिमग्याला न्यायला गाडी घेऊन येऊ का, आणि सामान किती आहे, असं विचारत होते. मी फोन स्पीकरवर टाकून वडिलांच्या हातात दिला.

"सामान नको," वडील फोनमध्ये ओरडले. "होली बगून मागारी येतो. हितं चावीची भानगड चालू हाय. ठेव आता."

फोन मला परत दिला आणि टीव्हीकडून नजर न हलवता म्हणाले, "तो डावीकडला कमी बोलतो. जरा पुढं घे."

मी गुडघ्यांवर गेलो आणि स्पीकर सरकवला.

"अजून."

सरकवला.

"जास्त झाला. मागं. आरं, सावकाश!"